रंगहीन, गंधहीन, नेटवर्कहीन

ऑनलाइन रसायनशास्त्र म्हणजे शिक्षक, विद्यार्थी आणि रसायने या तिघांपैकी रसायने वगळून उरलेल्या दोघांनी चालवलेला रसायनशास्त्राचा तास. दोघांपैकी विद्यार्थी स्वतः हजर असतोच असे नाही. त्याचे नाव हजर असते, आणि तेही पुष्कळदा वडिलांचे किंवा मोबाइलच्या मॉडेलचे असते. महाराष्ट्रात ही पद्धत जून २०२०पासून रूढ झाली. करोनामुळे मार्चमध्ये शाळांना टाळे लागले होते आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही शासनाची मोहीम होती. या वाक्याचा पूर्वार्ध सर्वत्र तंतोतंत अमलात आला.

बाकीच्या विषयांचे यात फारसे बिघडले नाही. शिवकाल इतिहासाच्या तासाला आधीही वर्गात अवतरत नव्हता, आणि भूगोलातला ब्राझील भिंतीवर काय नि पडद्यावर काय, तेवढाच लांब. रसायनशास्त्र मात्र नाकाचा, हाताचा आणि थोड्याफार भीतीचा विषय आहे. अमोनियाची बाटली कुठली, हे प्रयोगशाळेत पहिल्यांदा शिरलेल्या मुलाला लेबल न वाचता कळते आणि जन्मभर लक्षात राहते. पडद्यातून उजेड येतो, आवाज अधूनमधून येतो, वास अजिबात येत नाही. पाठ्यपुस्तकात कित्येक वायूंचे वर्णन ‘रंगहीन, गंधहीन’ असे असते. ऑनलाइन तासाला सगळेच वायू त्यात बसतात, क्लोरीनसुद्धा.

पालघर जिल्ह्यात हा प्रकार जरा जास्तच विचित्र झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होताना या जिल्ह्याच्या वाट्याला समुद्र आला, डोंगर आले, डहाणूचे चिकू आले आणि राज्यातल्या मोठ्या रासायनिक वसाहतींपैकी एक आली. तिचे नाव तारापूर एमआयडीसी, पण ती आहे बोईसरला. खुद्द तारापूर किनाऱ्यावर आपला किल्ला सांभाळून बसले आहे. रंग, औषधांची मूळ द्रव्ये, कीटकनाशके असा माल या वसाहतीत टनांनी निघतो. जवळच १९६९ साली सुरू झालेले देशातले पहिले अणुविद्युत केंद्र आहे, म्हणजे अणूच्या अंतरंगाचीही सोय गावाजवळच झालेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा शंभरपैकी ९३.६९ गुण मिळवून तारापूर देशात पहिले आले. या परीक्षेत गुण जितके जास्त तितकी हवापाण्याची अवस्था वाईट, एवढीच काय ती मेख होती. अशा गावातल्या मुलांना सहा इंची पडद्यावर परीक्षानळीचे चित्र दाखवून ‘ही परीक्षानळी’ असे सांगितले जात होते.

ऑनलाइन तासाच्या साहित्यात एक मोबाइल, तो टांगायला काहीतरी आणि घरात शांतता एवढेच येते. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही. टांगण्याच्या प्रश्नाला पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने जून २०२०मध्ये उत्तर दिले. मोबाइलचा स्टँड नव्हता, म्हणून तिने कपड्याच्या हँगरला चिंध्यांनी मोबाइल बांधला, हँगर खुर्चीला अडकवला आणि फळ्यावर शिकवायला सुरुवात केली. तो फोटो देशभर फिरला. लोकांना त्यात शिक्षकाची जिद्द दिसली, आणि ती होतीच. परंतु विज्ञानशिक्षकांना त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. ज्या शाळेत ब्यूरेटची तोटी वर्षानुवर्षे गळते आणि तिवईचा एक पाय खडूच्या डबीवर उभा असतो, तिथे हँगर हे प्रगत तंत्रज्ञान ठरते. पुढे फ्रिजमधला पारदर्शक ट्रे दोन डब्यांवर आडवा टाकून त्यावर मोबाइल पालथा घालण्याची रीतही निघाली. खालच्या कागदावर समीकरण लिहिता येते, आणि वर्गाला तासभर शिक्षकाची फक्त बोटे दिसतात.

विद्यार्थ्याच्या बाजूला वेगळी अडचण होती. घरात मोबाइल एक, तो वडिलांचा, आणि वडील फर्स्ट शिफ्टला. येथे एमआयडीसी अनपेक्षितपणे शिक्षणाच्या मदतीला आली. पेट घेणारी द्रावके जिथे हाताळतात, तिथे प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. तो गेटवर जमा करावा लागतो. गेटवर कुलपात पडून राहण्यापेक्षा तो घरी पोराकडे पडलेला बरा, असा हिशेब करणाऱ्या घरांत मुलांची हजेरी चांगली राहिली. टोल्युइनच्या वाफेला ठिणगी लागू नये म्हणून केलेल्या नियमाने नववीचा ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा पाचवा धडा पार पडला, याची नोंद कोणत्याही शैक्षणिक धोरणात नाही. जव्हार-मोखाड्याकडे मोबाइल असला तरी रेंज नसे. उंचीवर हवा विरळ होत जाते असे पुस्तक सांगते. तिकडे रेंज मात्र उंचीवर दाट होत जाते, त्यामुळे संयुजा शिकायची तर आधी टेकडी चढावी लागे.

तासाची सुरुवात ठरलेली असते. शिक्षक विचारतात, “आवाज येतोय का?” यावर ज्यांना आवाज येत असतो ते म्यूटवर असतात आणि ज्यांना येत नसतो ते “सर, आवाज नाय येत” असे मोठ्याने सांगतात. फुकटच्या झूमला ४० मिनिटांची मर्यादा असते. तीत हजेरी जाते, “कॅमेरे चालू करा” जाते, कोणाच्या तरी घरातल्या कुकरच्या शिट्ट्या जातात. दाब वाढवला की पाण्याचा उत्कलनांक वाढतो, हे शिकवायला त्या शिट्टीइतके चांगले साधन नाही; पण शिक्षक म्हणतात, “तो आवाज कोणाचा आहे, बंद करा.” आणि मग मीटिंग लवकरच संपणार असल्याची सूचना झळकते. उत्प्रेरक स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग वाढवतो असे दहावीत शिकवतात, ते या सूचनेला तंतोतंत लागू पडते. ती स्वतः जराही बदलत नाही, पण ती दिसताच शिक्षक राजवायूंचे सबंध कुटुंब एका श्वासात उरकतात.

डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाचे लहानमोठे धक्के बसत आले आहेत, त्यामुळे तिकडच्या घरांतून कॅमेरा हलला तर तो का हलला हे ठरवायला वेळ लागतो. बहुधा दोष नेटवर्कला दिला जातो. नेटवर्कला दोष देण्यात एक सोय आहे: घराबाहेर पळावे लागत नाही.

खरी कसोटी लागते ती नावांची. रसायनशास्त्रातली नावे अशी बेतलेली आहेत की अर्थ सगळा शेवटच्या अक्षरात असतो, आणि नेटवर्क नेमके शेवटचे अक्षर खाते. सोडियम सल्फेट, सोडियम सल्फाइट आणि सोडियम सल्फाइड हे तिन्ही पदार्थ पडद्यापलीकडे ‘सोडियम सल्फा’ एवढेच पोहोचतात.

“मॅडम, सल्फा काय?”

“सल्फेट.”

“सल्फाइड?”

“ट! टमाट्याचा ट!”

“मॅडम, टमाट्याचं काय म्हणालात? आवाज कट झाला.”

प्रयोगशाळेत हा वाद एका नाकात मिटतो. तिन्हींवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. सल्फाइडमधून कुजक्या अंड्यांचा वास येतो, सल्फाइटमधून जळत्या गंधकाचा, आणि सल्फेट ढिम्म बसून राहते. ऑनलाइन तासाला तिन्ही ढिम्म.

लेखी संवाद चॅटमध्ये होतो, आणि तिथे मोबाइलचा कीबोर्ड स्वतःचे रसायनशास्त्र चालवतो. वाक्याचे पहिले अक्षर तो मोठे करतो आणि पुढचे लहान ठेवतो. कॅपिटल सी आणि कॅपिटल ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, तर कॅपिटल सी आणि स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट हा धातू. ‘बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यास कोणता घातक वायू तयार होतो?’ या प्रश्नाला निम्मा वर्ग ‘कोबाल्ट’ असे उत्तर देतो. उरलेला अर्धा वर्ग उत्तर न देता अंगठा दाखवतो. हा अंगठा होकाराचा, हजेरीचा, निरोपाचा आणि काहीही न समजल्याचा, असा चारही कामांना चालतो.

समीकरण संतुलित करणे ही तर मुळातच वहीत डोकावून शिकवायची गोष्ट. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी करताना डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन आणि उजवीकडे एक अशी पंचाईत होते. खरा उपाय म्हणजे पाण्याचे रेणू दोन घ्यायचे आणि मग हायड्रोजनचेही दोन. चतुर मुलगा सूत्रातच ऑक्सिजनला खाली आणखी एक दोन जोडून मोकळा होतो. समीकरण झटक्यात जुळते. फक्त पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालेले असते. वर्गात बाकांमधून फिरणारे शिक्षक हा अपघात जागीच थोपवतात. ऑनलाइन वर्गात बाकांमधून फिरता येत नाही, आणि वहीचा जो फोटो व्हॉट्सॲपवर येतो त्यात वहीपेक्षा चटईची नक्षी स्पष्ट असते. त्यातून शिक्षकाने माउसने लिहिलेला दोन सूत्राच्या खाली न बसता कधी वर चढतो, कधी शेजारच्या बाणावर जाऊन पडतो. त्यापेक्षा हँगर बरा, हे मत अनुभवी शिक्षकांत जोर धरते ते इथे.

प्रयोगांसाठी आभासी प्रयोगशाळा आहेत. अमृता विश्वविद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकने केलेले ‘ओलॅब्स’ त्यांतले चांगले उदाहरण आहे. तिथे चंचुपात्र बोटाने उचलता येते, थेंब मोजून पडतात आणि फिनॉल्फ्थॅलिन नेमके वेळेवर गुलाबी होते. त्यात दोष काढायचाच तर एवढाच, की तिथे काही चुकत नाही. खऱ्या शाळेत द्रावण गुलाबी होण्याऐवजी भडक राणी रंगाचे होते, कारण तोटी गळते. परीक्षानळी फुटते आणि तिचे पैसे भरावे लागतात. हाताला आम्लाचा थेंब लागतो आणि नळ कुठे आहे हे कायमचे कळते. आभासी प्रयोगशाळेत नळ नाही.

मग घरगुती प्रयोगांची लाट आली. तिची सुरुवात सगळीकडे खाण्याचा सोडा आणि लिंबू यांनी झाली, आणि काही घरी शेवटही. फेस आला, कार्बन डायऑक्साइड निघून गेला, आईने सोडा वरच्या फळीवर ठेवला. चुन्याची निवळी याहून सोपी ठरली. आजोबांच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचे नितळ पाणी काढायचे आणि त्यात नळीने फुंकायचे. पाणी दुधाळ होते. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने कॅल्शिअम कार्बोनेट तयार केलेले असते. नळीतून फुंकायचे आहे, ओढायचे नाही, ही सूचना ऐन वेळी आवाज कट झाल्याने काही ठिकाणी पोहोचत नाही. म्हणून अनुभवी शिक्षक ती आदल्या दिवशी लिहून पाठवतात. लोखंडी खिळ्यावर तांबे चढवायला मोरचूद लागते. ते केळवे-माहीमकडच्या बागायतदारांच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी असायचेच, पण ते विषारी असल्यामुळे मोठी माणसे हात लावू देत नसत. हे बरोबरच होते.

आम्ल की आम्लारी हे रंगावरून सांगणाऱ्या दर्शकांच्या बाबतीत स्वयंपाकघर प्रयोगशाळेपेक्षा श्रीमंत आहे. कालवणाच्या हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, कारण हळद हा दर्शक आहे आणि साबण आम्लारिधर्मी. जांभळाचा रसही चांगला दर्शक, आणि पालघर तालुक्यातल्या बहाडोलीची जांभळे नावाजलेली. परंतु जांभळे पावसाच्या तोंडावर येतात आणि नववीचा तो पाचवा धडा त्यानंतर, म्हणजे दर्शक पोटात गेल्यावर.

सगळ्यांत सुंदर प्रयोग मात्र कुठल्याच नियोजनात नव्हता. सातपाटी-डहाणू पट्ट्यात मासळी धुताना तिला लिंबू, चिंच किंवा कोकम चोळतात. समुद्री माशाचा तो विशिष्ट वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन या आम्लारिधर्मी पदार्थाचा. आम्ल लागले की त्याचा क्षार बनतो, क्षार हवेत उडत नाही, आणि वास बसतो. हे पाठ्यपुस्तकातले उदासिनीकरण होय. तास चालू असताना मोबाइलच्या मागे, चार हातांवर, आजी हा प्रयोग यशस्वीपणे करत असते, आणि नातू शिक्षकांना सांगत असतो, “सर, उदासिनीकरणाचं रोजच्या वापरातलं उदाहरण नाय आठवत.” दहावीच्या कार्बनी संयुगांच्या धड्याला याच धर्तीवर ताडीचे उदाहरण घेता येते. पहाटे उतरवलेला गोड रस दुपारपर्यंत किण्वनाने चढतो आणि आणखी थांबले तर आंबट होतो: साखर, इथेनॉल, इथेनॉइक आम्ल, सगळा क्रम एका मडक्यात. शिक्षक हे उदाहरण घेत नाहीत, कारण मग गृहपाठ काय द्यायचा हा प्रश्न येतो.

बोईसरच्या घरांत आणखी एक स्रोत असतो: प्लांटवरून आलेले वडील. त्यांना सोडियम हायड्रॉक्साइड माहीत नाही, पण कॉस्टिकच्या गोणीला कोरडा हात लावावा की ओला, हे पक्के माहीत असते. उदासिनीकरण म्हणजे काय हे त्यांना सांगता येणार नाही; ते ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर, आठ तास आम्लयुक्त सांडपाण्यात चुना सोडून ‘पीएच सातला आणत’ असतात. संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतायचे नाही, पाण्यात आम्ल हळूहळू सोडायचे, ही सूचना पुस्तकात चौकटीत छापलेली असते आणि मुले ती एका गुणासाठी पाठ करतात. वडील ती ऐकून मान हलवतात, पुष्कळदा बाहीखालचा जुना डाग चोळत. मुलगा पाठ म्हणतो, वडील झोपेला आलेले असतात, आणि दोघेही एकच गोष्ट बोलत आहेत हे त्यांना सांगायला तिथे कोणी नसते. शिक्षक असतात, पण म्यूटवर.

वासाचा तुटवडाही बोईसरपुरता निसर्गतः, म्हणजे निसर्गाचा काही संबंध नसताना, भरून निघतो. वारा फिरला की खिडकीतून प्रात्यक्षिक आत येते.

“मॅडम, वास येतोय.”

“कसला?”

“नेहमीचा.”

पालघरहून शिकवणाऱ्या मॅडमना तो येत नाही. त्यामुळे ‘नेहमीचा’ या वर्णनावरून पदार्थ ओळखणे त्यांना अशक्य होते. एरवी ज्या मुलाला एस्टर आणि अमाइन यांतला फरक पाठ करूनही राहत नाही, तो वासावरून आज कोणत्या बाजूची चिमणी चालू आहे ते सांगतो. हे कौशल्य अभ्यासक्रमात नाही, आणि ते मुलांना यावे लागते ही अभिमानाची गोष्टही नाही. याच वसाहतीत स्फोट झालेले आहेत, माणसे गेलेली आहेत. म्हणून सुरक्षिततेच्या सूचना वाचून दाखवताना इथला वर्ग हसत नाही. ऑनलाइन तासाला पूर्ण शांतता मिळते ती एवढ्याच वेळी.

मूल्यमापनाचा भाग थोडक्यात आटोपतो, कारण तो आटोपलाच होता. २०२०-२१साठी अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला गेला. दहावीला विज्ञानाच्या दोन भागांचे ४० अधिक ४० आणि प्रात्यक्षिकाचे २० अशी गुणांची वाटणी असते. पण २०२१ची लेखी परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावायचे ठरले. प्रात्यक्षिकाच्या वहीत परीक्षानळ्यांच्या आकृत्या होत्या, निरीक्षणे होती, ‘द्रावण निळे झाले’ अशी वाक्ये होती. द्रावण कोणीच पाहिलेले नव्हते. १६ जुलै २०२१ रोजी निकाल लागला: ९९.९५ टक्के. निकालाचे संकेतस्थळ त्या दिवशी कित्येक तास बंद होते, त्यामुळे वर्षभर चाललेल्या पद्धतीशी शेवटपर्यंत सुसंगती राहिली. तारापूरच्या कुठल्याही प्लांटमध्ये कच्चा माल न घालता इतके यील्ड निघाले असते, तर मॅनेजरने आधी मीटर तपासायला लावला असता.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातल्या शाळा पुन्हा भरू लागल्या. मधे काही ठिकाणी त्या थोडे दिवस उघडून पुन्हा मिटल्या होत्या. प्रयोगशाळांची कपाटे मात्र दोन पावसाळे बहुतेक बंदच राहिली, आणि कोकणपट्टीची हवा दमट असते. अशा कपाटात काय होते ते ठरलेले आहे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतले पाणी शोषून चिकट होतात आणि काचेचे बूच बाटलीला कायमचे धरते. हिरवट फेरस सल्फेट तपकिरी पडते. मॅग्नेशिअमची फीत काळवंडते आणि सँडपेपरने घासल्याशिवाय पेटत नाही. आम्लाच्या बाटलीजवळचा निळा लिटमस कडेने तांबूस होतो. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या बाटल्या एकाच फळीवर असतील, तर बुचांतून निसटलेल्या वाफा परस्पर भेटतात आणि आजूबाजूच्या सगळ्या काचेवर अमोनिअम क्लोराइडचा पांढरा थर बसतो. दहावीच्या तिसऱ्या धड्यातल्या संयोग अभिक्रियेचे हे उदाहरण आहे. पडद्यावर ते नेहमी घाईत उरकले जाई. शाळा उघडल्यावर शिपाई ते ओल्या फडक्याने पुसून काढतो, आणि दुसऱ्या तासाला फळ्यावर ‘संयोग अभिक्रिया: उदाहरण द्या’ असा प्रश्न लिहिला जातो.